भच्या डोक्यावरची फट

आनंदराव गजभिये यांच्या घरी जेवायला बसलं की गरम पातेल्याखाली सागवानी फळी यायची, आणि त्या फळीवर घरच्याच बाईचं नाव चुकीचं कोरलेलं असायचं. अशा फळ्या त्या घरात अकरा होत्या. एक माठाखाली, एक डगडगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली, एक न्हाणीचं दार अडवायला आणि बाकीच्या स्वयंपाकघरात. नवा पाहुणा फळी वाचायचा, थबकायचा आणि भीत भीत विचारायचा, की ह्या इंदू गजमिये कोण. मग आनंदराव पातेलं बाजूला सरकवून, फळी हातात घेऊन, आपल्या फजितीची हकीकत पहिल्यापासून सांगायला बसायचे. इंदूबाई तोवर सगळ्यांच्या ताटात वरण वाढून घ्यायच्या, कारण हकीकत लांब होती.

आनंदराव टेलिफोन केंद्रात टेक्निशियन होते. केंद्र जुन्या पद्धतीचं. कुणी घरी बसून नंबर फिरवला की इकडे लोखंडी घोड्यावर बसवलेला एक पितळी हात टकटक करत तेवढ्या पायऱ्या चढायचा. असे शेकडो हात दिवसभर टकटकत. त्यातला कुठला हात एक पायरी चुकला, हे आनंदराव डबा उघडता उघडता कानाने सांगत आणि ते बहुतेक वेळा खरं निघे. ह्या कानाचा त्यांना फार गर्व होता. नागपुरात इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत रेडिओ, पंखा, शिलाई मशीन, काहीही बिघडलं तरी ते आधी कान लावत, डोळे मिटत आणि मग निदान सांगत. निदान चुकलं तर वस्तूच खोटी होती असं ठरत असे.

श्रीधर नावाचे त्यांचे एक स्नेही पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. बदली होऊन पुण्याला जाताना त्यांनी आपला छोटा संगणक आनंदरावांना देऊन टाकला. रबरी बटणांचा, वहीएवढा. त्याची अक्षरं घरच्या टीव्हीवर उमटायची आणि त्याचा प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवावा लागायचा. त्याच सुमाराला एका कार्यालयाच्या लिलावात मोडके प्रिंटर निघाले आणि आनंदरावांना त्यातल्या दोन मोटरी मिळाल्या. ह्या मोटरींची गंमत अशी, की त्या नुसत्या गरगर फिरत नाहीत, पावलं टाकतात. विजेचा एक ठोका दिला की एक पाऊल, दुसरा दिला की दुसरं. टेलिफोनच्या पायऱ्या मोजण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या हाती अशी मोटर पडल्यावर तो स्वस्थ बसणं शक्य नव्हतं.

मोठ्या कारखान्यांत आकड्यांवर चालणारी यंत्रं आली आहेत, त्यांना सीएनसी म्हणतात, हे आनंदरावांनी मासिकात वाचलं होतं. तसलं एक आपल्या ओसरीवर उभं करायचं त्यांनी ठरवलं. शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर दोन लांब आट्यांचे गज बसवले, त्यांना त्या दोन मोटरी जोडल्या. एक मोटर कोरणीला डावी-उजवीकडे नेणार, दुसरी पुढे-मागे. कोरणी म्हणजे दंतवैद्याकडून मागून आणलेलं एक बोथट टोक, आणि ते फिरवायला घरच्या मिक्सरची मोटर. कोरणी उचलायला आणि टेकवायला टेलिफोनचं भंगारातलं चुंबक. मिक्सरची मोटर गेली त्या दिवसापासून इंदूबाई चटणी पाट्यावर वाटू लागल्या. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त वाटताना ओसरीकडे तोंड करून बसायला लागल्या.

इंदूबाई महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या बाई होत्या. बावीस वर्षं पहिलीच. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात त्यांना पत्र आलं, की सव्वीस जूनला शाळा उघडेल तेव्हा त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून खुर्चीवर बसायचं आहे. आनंदरावांनी पत्र तीनदा वाचलं, गल्लीत पेढे वाटले, आणि वाटता वाटता प्रत्येक दारात जाहीर केलं, की बाईंच्या टेबलावरची नावाची पाटी संगणक कोरणार. यंत्राने तोवर एकही रेघ मारली नव्हती.

पाटी रंगवून घेतली असती तर दोन दिवसांचं काम होतं. पण ती कोरलेलीच हवी होती आणि त्याला कारण होतं. इंदूबाईंच्या आई रुखमाबाई रामटेकजवळच्या खेड्यात राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि डॉक्टरांनी ऑपरेशन थंडीत करू म्हटलं होतं, तोवर त्यांना उजेड आणि सावल्या एवढंच दिसायचं. लेक खुर्चीवर बसणार त्या दिवशी त्या शाळेत येणार होत्या. त्यांची एकच इच्छा होती, की लेकीचं नाव आपण स्वतः वाचायचं, आणि ते आता बोटानेच वाचता येणार होतं. आनंदरावांनी सासूबाईंना शब्द दिला होता. शब्द देताना त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा होता, हे ते स्वतःच पुढे कबूल करत.

लाकडासाठी ते सायकलने लकडगंजला गेले. तिथे देवराव नावाचे ओळखीचे सुतार होते. दारांवरच्या पट्ट्या आणि दुकानांच्या पाट्या कोरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. देवरावांनी सागवानाच्या फूटभर लांबीच्या फळ्या कापून दिल्या आणि सहज म्हणाले, की नाव सांगा, दुपारपर्यंत मीच कोरून देतो. आनंदराव हसले. हाताच्या कामाचे दिवस आता संपत आले, असं काहीतरी ते बोलून गेले. देवरावांनी वाईट वाटून घेतलं नाही. फळ्या किती देऊ, एवढंच विचारलं. आनंदराव म्हणाले, एक पुरे. थोडा विचार करून म्हणाले, बरं, दोन द्या.

घरी इंदूबाईंनी चौकटीच्या कागदावर आपल्या हाताने कित्ता लिहून दिला. इंदू गजभिये. त्यांचं अक्षर म्हणजे छापील पुस्तकाने लाजावं असं. आणि एका गोष्टीत त्या फार कडक होत्या. मच्या डोक्यावरची रेघ सलग असते आणि भच्या डोक्यावर फट असते. ती फट राखली नाही तर भचा म होतो, आणि बावीस वर्षांत अशा हजारो मांना त्यांनी लाल खूण केली होती. कागद देताना त्यांनी फटीवर बोट ठेवून नवऱ्यालाही बजावलं. आनंदराव म्हणाले, मशीनला एकदा सांगितलं की ती विसरत नाही, पहिलीतल्या पोरांसारखी नाही ती.

मग त्यांनी कागदावरच्या चौकटी मोजून प्रत्येक अक्षराचे आकडे काढले आणि संगणकात भरले. चारशे बारा ओळी झाल्या. क्रम आपण सगळे लिहितो तोच. आधी शब्दातली अक्षरं, मग हात उचलायचा, शब्दाच्या सुरुवातीला परत जायचं आणि डावीकडून उजवीकडे वरची रेघ ओढायची. भवर आलं की जरा हात उचलायचा, पुन्हा टेकवायचा. आनंदरावांना पहिलीत मास्तरांनी छडी हातात घेऊन हे शिकवलं होतं आणि त्यांनी तेच मशीनला शिकवलं. आणखी एक सुधारणा त्यांनी स्वतःच्या अकलेने केली. कोरताना मशीन सावकाश चालायची, पण रेघेसाठी परत जाताना तिचा हात रिकामा असायचा. रिकाम्या हाताने रमतगमत का जायचं? त्यांनी परतीच्या वाटेला सगळ्यात जास्त वेग दिला. कार्यालयात साहेबलोकांना रिकाम्या हातांनी व्हरांड्यात रेंगाळताना पाहून पाहून त्यांच्या मनात साठलेला राग त्या एका आकड्यात उतरला होता.

पहिली फळी बघायला अर्धी गल्ली ओसरीवर होती. मिक्सर घरघरला, कोरणी टेकली आणि सागवानातून अक्षरं अशी उमटू लागली की आनंदरावांचा ऊर भरून आला. इंदू झालं, त्यावर रेघ झाली. मग ग, ज, भि, ये. सगळी झकास. कोरणी उचलली गेली, सुळकन मागे आली, टेकली आणि रेघ ओढू लागली. पण रेघ सुरू झाली ती गचं डोकं उघडं टाकून. भवरून सलग गेली. फट पडली ती येवर. आणि रेघेचं शेपूट नावाच्या पुढे बोटभर निघून गेलं. गल्लीतले लोक एकेक करून चपला शोधू लागले. इंदूबाईंनी मात्र मान तिरकी करून वाचलं, आणि लाल पेन शोधत असल्यासारखा त्यांचा हात उगाच हालला.

मग सुरू झाला दोष शोधण्याचा महिना. आनंदरावांनी कान लावला, डोळे मिटले आणि निदान केलं, की मोटरींना वीज देणारे ट्रान्झिस्टर तापतात. त्यांच्यावर ओलं फडकं ठेवलं. दुसरी फळी तशीच आली, फक्त फट ह्या वेळी जरा कमी घसरली. दर वेळी घसरण निराळी, कधी नखाएवढी, कधी बोटाएवढी. त्यावरून त्यांनी ठरवलं, की दोष येणाऱ्या विजेत आहे, आणि घरात वीज ओढणारी मोठी वस्तू एकच, म्हणजे कूलर. नागपूरच्या मे महिन्यात त्यांनी नऊ दिवस कूलर बंद ठेवला. घरातल्या माणसांचा घामाघूम होऊन जीव मेटाकुटीला आला. फळी क्रमांक तीन, चार आणि पाच तशाच आल्या.

मग त्यांना वाटलं की अर्थिंग नीट नाही. मागच्या अंगणात कंबरभर खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली आणि रीतीप्रमाणे कोळसा आणि मीठ भरलं. स्वयंपाकघरातलं मीठ संपलं तेव्हा शेजारून आणलं. वीज कशी आहे ते कळलं नाही, पण त्या खड्ड्याशेजारचा गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, आठवड्यात वाळून गेला. इंदूबाईंनी तो लग्नानंतर पहिल्या वर्षी लावला होता. त्या दिवशी आनंदरावांनी फोडणीबद्दल एक शब्द काढला नाही.

आकड्यांचा संशय आला तेव्हा त्यांनी इंदूबाईंना बसवून चारशे बारा ओळी मोठ्याने वाचून घेतल्या. इंदूबाई पाढे म्हणावेत तशा एका सुरात वाचत गेल्या. एक चूक सापडली. आनंदरावांनी ती मोठ्या आनंदाने दुरुस्त केली आणि त्यानंतरच्या फळीवर जचं पोट कापलं गेलं. चूक ही चूक नव्हतीच. सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट पुढची होती. नुसती अक्षरं कोरायला लावली तर मशीन बिनचूक कोरायची. नुसती रेघ ओढायला लावली तरी केसाचा फरक नाही. दोन्ही एकत्र आली की घोटाळा. आणि कान तर काही सांगतच नव्हता. अक्षरांच्या वेळी मिक्सर ओरडायचा आणि परतीच्या धावेत मोटरीची टकटक इतकी भरभर व्हायची की नुसती शीळ ऐकू यायची.

दर दोन फळ्यांमागे ते लकडगंजला जात. देवराव दर वेळी विचारत, की किती झाल्या. आनंदराव आकडा सांगत आणि देवराव मान डोलावून पुढच्या फळ्या कापत. हसत नसत, ह्याचाच आनंदरावांना जास्त त्रास होई.

दहा जूनला रुखमाबाई आल्या. कूलर पुन्हा बंदच होता, कारण आनंदरावांचा संशय पुन्हा कूलरवर आला होता. म्हातारी ओसरीच्या कोपऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. निवडायला नजर लागत नव्हती, बोटं पुरायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी जवायाकडे पाटी मागितली. झाली तेवढी दाखवा म्हणाल्या. आनंदरावांनी नववी फळी त्यांच्या मांडीवर ठेवली, कारण ती बाकीच्यांपेक्षा बरी होती. रुखमाबाईंचं बोट सावकाश सरकत गेलं. इंदू वाचून त्यांचं तोंड फुललं. मग पुढे गेलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

“जवाईबापू, हे तं कोणी दुसरंच हाये. गजमिये.”

आनंदराव म्हणाले, की ही सरावाची आहे. त्यांना त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. अंगणात खड्डा तयारच होता.

रुखमाबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्या लहानपणी त्यांना वर्गात बसू देणारं त्या गावात कुणी नव्हतं. इंदूबाई शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होत्या तेव्हा त्यांना सराव करायला विद्यार्थी हवा होता, तो त्यांनी घरातच शोधला. धानाचा कोंडा सुपात पसरायचा आणि त्यात बोटाने अक्षर काढायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी रुखमाबाई अशा लिहायला शिकल्या. पुढे डोळे गेले तरी सवय गेली नाही. सुपात काही पसरलेलं असलं की त्यांचं बोट आपोआप लिहायला लागायचं.

पंचवीस जूनपर्यंत अकरा फळ्या झाल्या आणि आनंदरावांनी हात टेकले. सकाळीच रजा टाकून ते लकडगंजला गेले. वाटेत त्यांनी देवरावांसमोर बोलायची दोन-तीन वाक्यं जुळवली, पण तिथे पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. देवराव, एक पाटी कोरून द्या, आज संध्याकाळपर्यंत, एवढंच कसंबसं म्हणाले. देवरावांनी पटाशी खाली ठेवली.

“ते तं नेली ना बाईनं. पंधरा दिवस होऊन गेले. तुमाले सांगतलं नाही का?”

आनंदराव सायकल हातात धरूनच घरी आले. पाटी तयार आहे, शब्द मोडणार नाही, म्हणजे खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना फार वाईट वाटलं. बायकोने आपल्यावर भरवसा ठेवला नाही ह्याचं वाईट वाटलं, आणि तिने ठेवला नाही ते बरोबरच केलं ह्याचं त्याहून जास्त वाटलं. देवराव पंधरा दिवस सगळं माहीत असून किती झाल्या असं विचारत होते, हे आठवून तर त्यांचे कान तापले. ज्या कानांचा एवढा गर्व होता, तेच.

इंदूबाई उद्याच्या तयारीसाठी शाळेत गेल्या होत्या. ओसरीवर रुखमाबाई तांदूळ निवडत होत्या. आनंदराव त्यांच्याजवळ खालीच बसले. मशीन काही कामाची नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. देवरावांच्या पाटीचंही सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि विचारलं, की तुमची मशीन लिहिते तरी कशी. आनंदरावांनी सांगितलं. आधी अक्षरं, मग हात उचलायचा, पहिल्या अक्षराशी परत जायचं, मग रेघ. रुखमाबाईंनी सुपातले तांदूळ तळहाताने सपाट केले आणि त्यात बोटाने लिहायला सुरुवात केली. ग, ज, भि, ये. येची मात्रा झाली आणि बोट न उचलता त्या तिथूनच वरची रेघ ओढत उलट्या निघाल्या. भवर बोट किंचित उचललं, लगेच टेकलं, आणि गच्या डोक्यावर येऊन थांबल्या.

आनंदराव म्हणाले, आई, रेघ तिकडून नाही ओढत. त्यांच्या आवाजात पहिलीतले मास्तर आले होते.

“मले दिसत नाही ना, जवाईबापू. बोट उचलून लांब नेलं का जागा हरवते. मंग हाये तिथूनच वापस यायचं.” मग त्यांनी मान मशीनकडे वळवली. “तुमच्या मशीनले दिसते का?”

“नाही.”

“मंग तिले एवढ्या लांब काहून पळवता?”

आनंदरावांनी सुपातल्या त्या उलट्या रेघेवरून स्वतःचं बोट एकदा फिरवून पाहिलं. मग उठले, कोरणी काढून तिच्या जागी पेन्सिल बांधली, कागदावर एक टिंब काढलं आणि मशीनला सांगितलं, की पलीकडच्या टोकाला सावकाश जा आणि परतीच्या नेहमीच्या वेगाने परत ये. शीळ वाजली. पेन्सिल टेकली. टिंबापासून बोटभर अलीकडे. पुन्हा केलं. नखभर अलीकडे. मोटरीला एवढ्या भरभर ठोके मिळत होते की काही पावलं तिला टाकताच येत नव्हती, आणि मशीनला वाटत होतं की आपण घरी पोचलो. इंदूची परतीची वाट आखूड होती, म्हणून तिथे हे कधी दिसलं नव्हतं. महिनाभर त्यांनी कोरणारा प्रत्येक आकडा तपासला होता. परतीची रिकामी धाव एकदाही तपासली नव्हती, कारण तिच्यात काही काम होत नव्हतं. काम करत नाही त्याच्याकडून चूक होत नाही, असं त्यांना नोकरीत वाटत आलं होतं. ट्रान्झिस्टर, कूलर, मीठ आणि गोडनिंब ह्या सगळ्यांचा बळी त्या एका वेगाच्या आकड्यापायी गेला होता, आणि तो आकडा त्यांनी स्वतः, मोठ्या हौसेने लिहिला होता.

वेग कमी केला असता तरी भागलं असतं. पण आनंदरावांना आता परतीची धावच नको होती. रेघ येताना ओढायची, उजवीकडून डावीकडे, सासूबाईंसारखी. आपल्याला हे सुचलं का नाही ह्याचा त्यांनी विचार केला, तर उत्तर असं आलं, की मास्तरांच्या छडीमुळे. मशीनच्या हातावर कुणी छडी मारलेली नव्हती. तिला रेघ कुठूनही ओढता आली असती. तिला डावीकडून ओढायला लावणारे आपणच.

इंदूबाई तिसऱ्या प्रहरी घरी आल्या तेव्हा आनंदराव टीव्हीसमोर रेघेचे आकडे उलटे करत बसले होते. देवरावांकडे जाऊन आलो, एवढंच त्यांनी मान न वळवता सांगितलं. इंदूबाई दारातच थांबल्या.

“भरोसा तुमच्यावर होता,” त्या म्हणाल्या. “मशीनवर नव्हता.”

मग त्यांनी पिशवी ठेवली, तोंड धुतलं आणि कागद घेऊन आकडे वाचायला बसल्या. मुख्याध्यापिकेच्या नावावर उलटी रेघ, पोरांना काय सांगू, असं त्या एकदा म्हणून पाहिल्या. आनंदराव म्हणाले, रेघ कुठून आली ते पाहणाऱ्याला कुठे दिसतं. उलट फिरताना गजाच्या आट्यांत अर्ध्या फेऱ्याची ढिलाई होती, तेवढी पावलं त्यांनी जास्तीची टाकली. संध्याकाळी वीज कमी-जास्त होत होती, म्हणून सकाळवर ठेवलं.

सव्वीस तारखेला सकाळी साडेपाचला बारावी फळी मशीनवर चढली. गल्लीतलं कुणी आलं नाही. पहिल्या फळीनंतर कुणी येतही नव्हतं. कूलर बंद होता. आता तो बंद ठेवायची गरज नव्हती, पण आनंदरावांना धोका पत्करायचा नव्हता. अक्षरं झाली. येच्या मात्रेवरून कोरणी न धावता, सावकाश, उलटी निघाली. भच्या दांडीशी आल्यावर चुंबक खटकन वाजलं आणि कोरणी वर उचलली गेली. बोटाच्या पेराएवढं सागवान कोरं राहिलं. पुन्हा खटका. रेघ जवरून, गवरून जाऊन कडेला थांबली. शेवटी मिक्सर अडखळला आणि तिथे लाकूड जरा काळं पडलं, तेवढंच. आनंदरावांनी फुंकर मारून भुसा उडवला. इंदूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी वाचलं आणि त्या आंघोळीला गेल्या. लाल खूण नाही, ह्याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळायचा.

निघताना इंदूबाईंनी वर्तमानपत्रात एक पाटी गुंडाळून पिशवीत ठेवली. कुठली ते आनंदरावांनी पाहिलं नाही. ते त्या वेळी मशीनवर चादर टाकत होते. रिक्षात तिघंही बसली. इंदूबाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि आनंदरावांची नजर पुन्हा पुन्हा तिच्यावर जात होती. देवरावांची पाटी गुळगुळीत असणार, पॉलिश केलेली असणार, अक्षरं एकसारखी असणार. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तीच शोभली असती. ते विचारणार होते, पण शाळा येईपर्यंत त्यांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट न बोलता सोसली.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत शाळेतल्या सगळ्या बाया आणि गुरुजी जमले होते. हार झाले, चहा झाला. इंदूबाईंनी आईला खुर्ची दिली, वर्तमानपत्र सोडलं आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. कडेला काळा डाग होता. आनंदरावांनी तो पाहिला आणि त्यांना खिडकीतून बाहेर बघावं लागलं.

रुखमाबाईंचं बोट इंदूवरून गेलं. गवरून, जवरून गेलं. वेलांटीवर चढलं, उतरलं आणि मग त्या कोऱ्या लाकडावर येऊन थांबलं. बोट त्या फटीवर एकदा मागे-पुढे झालं.

“भ हाये,” रुखमाबाई म्हणाल्या. “पोरीचंच नाव हाये.”

मग त्यांनी ये वाचलं आणि बोट न उचलता वरच्या रेघेवरून उलट्या येत, भची फट ओलांडून, गवर येऊन थांबल्या. कुणा बाईंनी विचारलं, की इतकं सुरेख कुणी कोरलं. इंदूबाईंनी नवऱ्याकडे हात केला. आनंदराव खाकरले. ते म्हणाले, मशीन माझी आहे, पण तिला लिहायला माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

सगळे खळखळून हसले. आनंदराव विनोदी आहेत हे शाळेत माहीत होतं, आणि सासूबाईंना दिसत नाही हे समोर होतं. आनंदराव म्हणाले, खरंच सांगतो. त्यावर ते जास्तच हसले. जन्मभर बढाया मारल्या, त्या साऱ्या खऱ्या धरल्या गेल्या, आणि आयुष्यातलं एक पुरतं खरं वाक्य लोकांनी विनोद म्हणून घेतलं. रुखमाबाई हसत नव्हत्या. त्यांनी हात पुढे करून चाचपत जवायाचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. आनंदरावांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

ती पाटी शाळेत टेबलावर गेली. देवरावांची पाटी घराच्या दारावर लागली, आणि आनंदराव रोज कामावरून आल्यावर तिच्याखालूनच आत शिरतात. बाकीच्या अकरा फळ्या जाळून टाका म्हणून इंदूबाई आजवर कितीदा म्हणाल्या. आनंदराव ऐकत नाहीत. त्या असल्या म्हणजे पाहुणा विचारतो, आणि विचारलं म्हणजे सांगता येतं. हकीकत संपली की ते पाहुण्याला विचारतात, की पटलं का. पाहुणा हसला, तर ते पुन्हा अंगणातल्या खड्ड्यापासून सुरुवात करतात.